वह्या वाटायच्या आधी एवढं करा! महिला मंडळाचा वाचनवर्ग कसा सुरू करायचा?

नमस्कार मंडळी! जानेवारी आला की कमेंटमध्ये एकच प्रश्न. "ताई, यंदा मंडळातर्फे शाळेसाठी काहीतरी करायचंय, काय करू?" 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, मग संक्रांत, पुढे रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. बायका जमलेल्या असतात, भिशीतले चार पैसेही असतात. आणि शेवटी ठरतं काय? वह्यावाटप.

वह्यांवर माझा राग नाही हं. राग आहे तो त्या फोटोवर. एक वही, तिला धरलेले आठ हात, आणि मागे ज्याला वही द्यायची ते पोर, त्याचा फक्त कान दिसतोय. माझाही असा एक फोटो आहे, नऊवारी नेसून. तो मी दाखवणार नाही.

तर आज वाचनवर्ग. सोप्या गोष्टी भराभर सांगते. मुख्याध्यापकांना भेटा, लेखी अर्ज द्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, म्हणजे तुमच्या ओळखीची एखादी तरी आत असणारच. आधी तिला गाठा. जागा म्हणाल तर शाळेचा व्हरांडा नाहीतर समाजमंदिर. वेळ, शनिवारची सकाळची शाळा सुटली की तासभर. मुलांजवळ नेहमी दोघी असाव्यात, एकटीने वर्ग घ्यायचा नाही. झालं, पुढे चला.

आता खरी गोम. पहिल्या दिवशी शिकवायचं नाही. पहिल्या दिवशी फक्त ऐकायचं. एकेका मुलाला बाजूला घेऊन, एकट्याला, त्याने कधी न पाहिलेला मजकूर वाचायला द्यायचा. इयत्ता विचारायचीसुद्धा नाही.

आम्ही विचारली होती. पहिल्या वर्षी आम्ही अकराजणी, इयत्तेप्रमाणे रांगा लावल्या, सहावीच्या रांगेला सहावीची पुस्तकं. एक मुलगा धडा असा घडाघडा वाचायचा की मी सगळ्यांना सांगत सुटले, बघा, कसा वाचतो! तिसऱ्या शनिवारी माझं लक्ष त्याच्या बोटाकडे गेलं. तोंडात चौथी ओळ आणि बोट सातव्या ओळीवर. मी पान उलटलं आणि मधलाच एक शब्द दाखवला, "विहीर". तो चित्राकडे बघायला लागला. चित्रात बैल होता. म्हणाला, "बैल." धडा त्याला ऐकून ऐकून पाठ झाला होता. सहा वर्षं पोरगं शाळेत होतं आणि मी तीन शनिवार त्याचं कौतुक करत होते.

मागच्या व्हिडिओखाली एका दादांनी लिहिलंय, "शाळेत परीक्षा होतातच की, तुम्ही परत कशाला घेता?" दादा, मी परीक्षा घेतच नाहीये. मार्क नाहीत, नंबर नाहीत, आईला सांगायचं नाही. 'असर' म्हणून एक सर्वेक्षण असतं, खेड्यातल्या मुलांना वाचता येतं का ते बघणारं. ते करणारे लोक घरोघरी जाऊन हेच करतात. पाच पायऱ्या: प्रारंभिक (म्हणजे अजून अक्षरही ओळखता येत नाही), अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. 2024 च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी होती 48.8 टक्के. म्हणजे पाचवीची रांग लावलीत की त्यातल्या निम्म्यांना तुमचं पाचवीचं पुस्तक काही कामाचं नाही, आणि कोणती निम्मी ते चेहऱ्यावरून कळत नाही.

"ताई, अक्षरं तर येतातच सगळ्यांना." ही दुसरी कमेंट. येतात का? एका मुलीला मी 'म' दाखवला. तिचे ओठ हलायला लागले. क कमळाचा, ख खटाऱ्याचा... पुटपुटत पुटपुटत ती गाडी 'म'पर्यंत आणत होती आणि मग "म!" असं जोरात. 'भ'च्या पुढे 'म' येतो हे तिला माहीत होतं, समोरचं अक्षर ओळखता येत नव्हतं. म्हणून अक्षरं दाखवायची ती उलटसुलट. 'र', मग 'ख', मग 'ट'. मुळाक्षरं ओळीने म्हणवून घेऊ नका. म्हणवून घेतली की सगळी मुलं हुशार.

आणि आता आपल्या बायकांबद्दल. रागावू नका. मूल म्हणतं "पा..." आणि आपण लगेच "पाणी! शाब्बास!" आणि वहीत टिक. वाचलं कोणी? आपण. आपल्याला राहवतच नाही, पोर अडलं की जीव वर-खाली होतो. आमच्या एक काकू तपासताना तोंडात लवंग धरतात. बोलायचं नाही याची आठवण. मुलाला थांबू द्या. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. त्या दहा आकड्यांत ते काना सोडतंय की वेलांटीला अडतंय, की जोडाक्षर आलं म्हणून गप्प झालंय, ते दिसतं. तेवढंच वहीत लिहायचं.

मग गट पाडायचे पायरीप्रमाणे. दुसरीतली आणि सहावीतली मुलं एका सतरंजीवर आली तर येऊ द्या. फक्त गटांना 'अक्षर गट' वगैरे मोठ्याने म्हणू नका, मोठ्या मुलांना लाज वाटते. आमच्याकडे आंबा, चिंच, जांभूळ आहेत. महिन्याने परत ऐकायचं आणि गट बदलायचे. शब्दवाल्यांना चिठ्ठ्यांवरचे शब्द, परिच्छेदवाल्यांना चार ओळींची गोष्ट. हे तुम्हाला जमेल.

पुस्तकं कुठून आणू? विकत आणायच्या आधी स्टोरीवीव्हर बघा. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेलं संकेतस्थळ आहे, मराठीत गोष्टी आहेत, पायरीप्रमाणे निवडता येतात, फुकट उतरवून छापता येतात.

आणि वाण! वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या देणं बंद करा हो. माझ्या माळ्यावर सतरा आहेत, एकीचंही झाकण लागत नाही. आम्ही आता पातळ गोष्टीचं पुस्तक देतो. घेणारीने घरी पोराला वाचून दाखवायचं आणि पुढच्या महिन्यात वर्गाला आणून द्यायचं. इथे एक सांगायचं राहील. आमच्यात अक्षरांची मुलं ज्या मावशी सांभाळतात, त्यांना यजमान गेल्यापासून वीस वर्षं कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. पुस्तकाचं वाण सुरू केलं त्या वर्षी आम्ही निरोपात नुसतं 'तिळगूळ' लिहिलं आणि सगळ्यांना बोलावलं. दोघी रुसल्या. पुढच्या वर्षी आल्या.

एका ताईंनी विचारलंय, "सासूबाई साठीच्या आहेत, त्यांना वर्गात बसवू का?" मुलांच्या सतरंजीवर नको, त्यांना तिथे अवघडल्यासारखं होईल. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी 'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, 2022 ते 2027. त्यात शिकवणारे स्वयंसेवकच असतात, म्हणजे तुम्हीही नाव नोंदवू शकता. आणि सासूबाई लाजत असतील तर त्यांना मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावच्या आजीबाईंच्या शाळेचे व्हिडिओ दाखवा. 2016 पासून तिथे गुलाबी लुगड्यातल्या आज्या पाटी घेऊन बसतात.

शेवटची कमेंट, "गणिताचा वर्ग घ्याल का?" आत्ता नाही. मी वजाबाकीत "शेजाऱ्याकडून उसना घे" म्हणते, मुलं म्हणतात "दशक सोडवा". 2019 पासून दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक'ही आलंय, तिथे माझी आणि नातवाची रोज जुंपते. त्या पोराकडून मी आधी शिकून घेते, मग कॅमेऱ्यासमोर येते.