हातमाग, हलगी आणि हिप-हॉप

नमस्कार मंडळी. आपली मुलं सोलापूरवर हिप-हॉप बसवणार आहेत, तेव्हा थेट कामाचंच बोलू. हा नाच १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या गरीब कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन वस्त्यांतून आला. फिलाडेल्फियाच्या रेनी हॅरिस यांनी १९९२ मध्ये प्युअरमूव्हमेंट ही संस्था काढून रस्त्यावरचा नाच रंगमंचावर आणला. अशा नाचात सोलापूर घ्यायचं, तर राबणाऱ्यांच्या अंगानंच घ्यावं. चादरीची नक्षी टी-शर्टवर छापून भागणार नाही.

हातमागापासून सुरुवात करा. पायानं पावडी (मागाखालची पट्टी) दाबायची, दोरी ओढून धोटा (आडवा धागा नेणारी नळी) फेकायचा, फणी (तो धागा घट्ट बसवणारी चौकट) ठोकायची. नाचात पावडीला जमिनीवर स्टॉम्प म्हणजे पाय आपटणं, दोरीला दंडाचं पॉप म्हणजे स्नायू झटक्यात आवळून सोडणं, फणीला छातीचा झटका. मागाचं हे चक्र तीनचं, गाण्याचा ठेका चारचा. दोन्ही बारा मात्रांनी पुन्हा एकत्र येतात. मुलं हमखास फणीचा ठोका लांबवून तिनाचे चार करतात आणि माग हरवतो. म्हणून आधी गाण्याशिवाय, मिनिटाला ८० ठोक्यांवर, तोंडानं ‘पाय, दोरी, फणी’ म्हणत बसवा. आवाज चुकला नाही की मगच वेग वाढवा.

सोलापूरच्या विडीकामासाठी बोटांचं टटिंग, म्हणजे बोटांनी कोन आणि आकार करत नाचणं, चपखल बसतं. पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, तोंड मुडपणं, दोरा बांधणं. पण बोटं दिसावीत म्हणून हात छातीशी आणले की सगळं खोटं वाटतं. विडी कामगार बाईचं सूप मांडीवर असतं, मान खाली असते आणि मजुरी हजार विड्यांवर ठरते. हात मांडीवरच राहू द्या. त्या मुलींना रंगमंचाच्या पुढच्या कडेला बसवा, प्रकाश खालून द्या.

साथीच्या हलगीचं (छोट्या डफाचं) कातडं गारठ्यानं, दमटपणानं सैल पडतं. गावाकडं ती जाळावर शेकतात. इथल्या हॉलमध्ये जाळ चालत नाही, म्हणून नट आवळता येणारी फायबरची हलगी घ्या. मांग-महार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती गावकीचं काम म्हणून वाजवली आणि तरी पंगतीत त्यांना जागा नव्हती. त्यामुळं वाजवणाऱ्याला विंगेत उभं करू नका. तो नाचणाऱ्यांच्या वर्तुळात हवा, पत्रिकेवर त्याचं नाव हवं, मानधन नृत्यदिग्दर्शकाच्या बरोबरीचं हवं. आणि त्याला पहिल्या तालमीलाच बोलवा. आदल्या दिवशी बोलावलं तर तो रेकॉर्डिंगच्या मागं फरपटतो, हलगी नाचाला हाकत नाही.