एका डोळ्याने पाहिलेली वास्तू

नमस्कार. वास्तू आपण डोळ्यांनी पाहतो असं म्हणतो खरं, पण निम्मं काम पायांचं असतं. दारातून आत शिरायचं, मान वर करायची, दोन पावलं मागे सरायचं, खांबाआडून डोकावायचं. डोळ्याचा जो भाग खरोखर बारीक तपशील टिपतो, त्याचा आवाका जेमतेम दोन अंशांचा. हात लांब करून अंगठा धरा, साधारण तेवढाच. बाकीचं सगळं डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत गोळा करतो आणि मेंदू त्याची मोट बांधतो. म्हणजे ‘मी तो हॉल पाहिला’ असं म्हणताना आपण शेकडो नजरांची बेरीज सांगत असतो. कॅमेऱ्याला एकच डोळा, तोही एका जागी खिळलेला. ही उणीव ज्यांनी कामाला लावली, त्या छायाचित्रकारांबद्दल आज बोलायचं आहे.

एका डोळ्याला फसवणं किती सोपं असतं, हे अ‍ॅडेलबर्ट एम्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी रचलेल्या खोलीत दिसतं. खोली तिरपी असते. मागची भिंत एका कोपऱ्यात बरीच लांब, दुसऱ्या कोपऱ्यात जवळ. जमीन आणि छतही त्याच हिशेबाने कललेलं. समोरच्या छिद्राला एक डोळा लावला की मात्र ती अगदी सरळ, चौकोनी दिसते आणि दोन कोपऱ्यांतली माणसं एक राक्षसाएवढी तर एक मुठीएवढी वाटतात. दुसरा डोळा उघडून जरा बाजूला व्हा, खेळ संपला. वास्तूचं प्रत्येक छायाचित्र म्हणजे असं एक छिद्र असतं. फरक एवढाच की बाजूला होण्याची सोय पाहणाऱ्याला नसते. म्हणून कॅमेरा कुठे लावला, हा या कलेतला पहिला प्रश्न. लेन्स कोणती आणि कॅमेरा कोणत्या कंपनीचा, हे प्रश्न फार नंतरचे.

उंच इमारतीकडे कॅमेरा वर वळवला की उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. डोळ्यातल्या प्रतिमेतही त्या झुकतातच, पण आपली मान वर आहे हे मेंदूला ठाऊक असतं, तो परस्पर दुरुस्ती करून टाकतो. कागदावर ही दुरुस्ती होत नाही आणि इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. उपाय जुनाच आहे. फिल्म भिंतीला समांतर ठेवायची आणि लेन्स तेवढी वर सरकवायची. लार्ज फॉरमॅट, म्हणजे मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यात ही सोय पूर्वीपासून होती. ३५ मिमीच्या कॅमेऱ्यासाठी निकॉनने अशी सरकणारी, म्हणजे शिफ्ट लेन्स आणली १९६२ साली. याच्या उलट १९२५च्या सुमारास रशियन छायाचित्रकार अलेक्झांडर रोदचेंको मॉस्कोत घराच्या भिंतीलगत उभा राहून कॅमेरा सरळ वर रोखत होता. बाल्कन्यांची शिडीच आभाळात चढते त्या चित्रांत. रेषा सरळ ठेवणं काय किंवा मुद्दाम पाडणं काय, दोन्ही निर्णयच. निर्णय न घेता नुसतं वाइड अँगलने खोली ताणून दाखवणं हे घर विकणाऱ्याचं काम आहे. त्याबद्दल इथे वेळ घालवत नाही.

आता इंग्रज छायाचित्रकार फ्रेडरिक एव्हान्स यांचं ‘अ सी ऑफ स्टेप्स’ पाहू. इंग्लंडमधलं वेल्स कॅथीड्रल, साल १९०३. जिन्याच्या पायऱ्या शतकानुशतकं पावलांनी झिजून मध्ये खोलगट झाल्या आहेत. खाली, आपल्या पायांशी, त्या रुंद आणि संथ आहेत. वर जाताना जिना दुभंगतो. एक वाट सरळ वरच्या दाराकडे चढते, दुसरी उजवीकडे वळते, आणि त्या वळणावर पायऱ्यांच्या कडा एकमेकींवर लोटत पंख्यासारख्या पसरतात. उजेड उजव्या बाजूने येतो आणि झिजलेली प्रत्येक कड वेगळी काढतो. कॅमेरा मागे-पुढे झाला असता तर जिना जिनाच राहिला असता. इथे मात्र दगडाला लाट आली आहे. त्या जिन्यावर रोज चढणाऱ्या माणसाला ही लाट दिसली असेल असं मला वाटत नाही. त्याचं लक्ष पाय घसरू नये याकडे. एव्हान्स पूर्वी पुस्तकविक्रेते होते. त्यांचा हा प्रिंट नेहमीच्या चांदीऐवजी प्लॅटिनमच्या क्षारांनी काढलेला आहे, म्हणूनच सावलीतला दगडही काळा न होता राखाडीच्या कितीतरी छटांत उलगडत जातो.

छायाचित्र वास्तूवर किती कुरघोडी करू शकतं? जर्मन वास्तुविशारद मीस व्हान डेर रोह यांचा बार्सिलोना पॅव्हेलियन, म्हणजे जर्मनीचं दालन, १९२९च्या प्रदर्शनासाठी उभा राहिला आणि १९३०मध्ये उतरवला गेला. १९८६मध्ये तो त्याच जागी पुन्हा उभा राहीपर्यंत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी तो पाहिला तो मूठभर कृष्णधवल चित्रांतून. त्या चित्रांत हिरवा संगमरवर नाही, सोनेरी ऑनिक्सचा दगड नाही, लाल पडदा तर नाहीच. आधुनिक वास्तू म्हणजे रंगहीन, निर्मनुष्य, लख्ख पृष्ठभाग, ही आपली कल्पना थोडीफार तरी तिथूनच आलेली असणार, असा माझा संशय आहे.

जॉर्ज रूस हा फ्रेंच कलाकार वेगळ्याच टोकाला जातो. ओसाड, पाडायला निघालेल्या इमारतीत शिरून तो भिंती, खांब, जमीन रंगवतो. आत हिंडणाऱ्याला रंगाचे तुटके, वेडेवाकडे पट्टे दिसतात. कॅमेऱ्याच्या जागेवरून पाहिलं की ते जुळून हवेत तरंगणारं एक अचूक वर्तुळ होतं. पुढे इमारत जाते आणि वर्तुळ फक्त छायाचित्रात राहतं. खरं तर दुसरीकडे कुठे ते कधी नव्हतंच.

जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी १९९७पासून आधुनिक वास्तूंची जी मालिका केली, तिच्यात त्यांनी फोकस मुद्दाम बिघडवला. लेन्सवरच्या ‘अनंत’ या शेवटच्या खुणेच्याही पलीकडे, त्यांच्याच हिशेबाने अनंताच्या दुप्पट. तपशील विरघळून जातात, उरतो तो आकाराचा ठसा. उत्तम वास्तू या धूसरपणातूनही तगते, असा त्यांचा अनुभव. मला यातलं धाडस आवडतं, कारण वास्तूच्या छायाचित्रकाराची इभ्रत म्हणजे तीक्ष्णता, आणि तीच त्यांनी पणाला लावली. बेर्न्ट आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार जोडप्याने नेमकं उलट केलं. ढगाळ उजेड, समोरून घेतलेलं चित्र, पाण्याच्या टाक्या आणि भट्ट्या ओळीने मांडलेल्या. १९९०च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळालं ते शिल्पकलेचं! परीक्षकांना काय दिसलं असेल, यावर वाद घालायला मला आवडेल, पण चहाच्या वेळी.

बेखर यांचेच विद्यार्थी आंद्रेआस गुर्स्की. त्यांच्या १९९३च्या ‘पॅरिस, मोंपारनास’मध्ये घरांचा एक अजस्र ठोकळा आहे, शेकडो खिडक्यांचा. रस्त्यापलीकडून एका जागेवरून घेतला असता तर तो दोन्ही टोकांकडे निमुळता होत गेला असता. त्यांनी तो वेगवेगळ्या जागांवरून टिपून जोडला. त्यामुळे कुठेही उभं राहिलं तरी असा दर्शनी भाग माणसाला दिसणं शक्य नाही. मूळ प्रिंट तीन मीटरहून रुंद आहे. लांबून तो नुसता रंगीत चौकोनांचा पट वाटतो. जवळ गेलं की खिडक्यांतले पडदे, सामान, माणसं दिसू लागतात, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावंच लागतं. या पडद्यावर त्यातलं फारसं कळणार नाही. तेव्हा एका कोपऱ्यातल्या खिडक्या मोठ्या करून दाखवतो. मागच्या रांगेतल्यांनी जरा पुढे या.