सात वाट्या

(काचेच्या टेबलावर पालथा घातलेला मिक्सर. बाहेर गल्लीतल्या दुचाकींचा आवाज.)

मिक्सर पालथा घातला की आधी दिसतात ते त्याचे रबरी पाय. पुष्कळांचं घोडं इथंच अडतं. दिसतील तेवढे स्क्रू काढून झाले तरी तळ निघत नाही. मग चपटा स्क्रूड्रायव्हर घालून जोर लावला जातो आणि प्लॅस्टिक तडकतं. कितीतरी मिक्सरांत स्क्रू त्या पायाच्याच आत, खोल बसलेला असतो. काका हात लावतात तो आधी पायांना.

पुण्यातल्या एका पेठेत हे दुकान आहे. दोन माणसं उभी राहिली की भरतं. काका इथं मिक्सर, इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करतात. त्यांच्या उजव्या हाताला स्टीलचा जुना मिसळणाचा डबा आहे, आत सात वाट्या. घरी नवा डबा आला तेव्हा हा दुकानात आला. मोहरी, हळद, जिऱ्याच्या जागी आता स्क्रू, वायसर आणि स्प्रिंगा असतात. एका वाटीच्या काठावर नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. सुरुवात तिथून. जे आधी निघालं ते ठिपक्याच्या वाटीत, मग घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पुढं. मधली वाटी शेवटची. जोडताना मधल्या वाटीपासून उलटं यायचं.

(जवळून: बोटांच्या चिमटीत कार्बन.)

हा कार्बन. पेन्सिलीच्या तुकड्याएवढा, मागे स्प्रिंग. मोटरमध्ये असे दोन असतात, समोरासमोर. त्याचं हे तोंड नीट बघा. फिरत्या कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या तांब्याच्या गोल कड्यावर, घासून घासून ते आत वळलंय, त्याच्या गोलाईत बरोबर बसेल असं. कार्बन अजून लांब असेल, परत वापरायचा असेल, तर ज्या घरातून निघाला त्याच घरात आणि त्याच बाजूनं बसवायचा. फिरवून बसवला तर नुसती कड टेकते आणि ठिणग्या उडतात. म्हणून डाव्याची वाटी वेगळी, उजव्याची वेगळी. कार्बनच्या घरावरचं टोपण काढताना काका वर अंगठा दाबून ठेवतात. आत स्प्रिंग दबून बसलेली असते. अंगठा उचलला की ती उडते, आणि मग अर्धा तास तिला शोधण्यात जातो.

आता वरचा कपलर, भांड्यातलं पातं फिरवणारी चकती. खालून आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, धरायचं आणि कपलर फिरवायचा. पण बऱ्याच मिक्सरांत याचे आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीनं सोडायला गेलात तर तो आणखी आवळला जातो. कपलर निघाला की त्याची खालची बाजू बघायची. पातळसा वायसर तिथं चिकटून आलेला असतो. नंतर कधीतरी तो गळून पडतो आणि केरात जातो. एकावर एक असे दोन-तीन वायसर निघाले तर काका ते निघाले त्याच क्रमानं तांब्याच्या तारेत ओवतात आणि तारेला पीळ देतात. वाटीत टाकले तर क्रम मोडतो.

फोनवर फोटो जरूर काढावेत. कुठली वायर कुठं जाते, हे त्यात छान दिसतं. पण स्क्रूची लांबी फोटोत कळत नाही, आणि घोटाळा तिथंच होतो. आखूड जागी लांब स्क्रू गेला की प्लॅस्टिकला चीर पडते. लांबच्या जागी आखूड गेला की नीट पकड बसत नाही, आणि पुढं आटे जातात. वॉशिंग मशिनच्या पाठीसारखं मोठं झाकण असेल तर मला खोक्याच्या पुठ्ठ्याची युक्ती सगळ्यांत आवडते. पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढायची आणि निघेल तो स्क्रू आपल्या जागी टोचून ठेवायचा. एवढं केलं की काहीही लक्षात ठेवावं लागत नाही.

(छताचा पंखा. कॅमेरा दांड्याच्या वरच्या टोकाकडे.)

“एक उरला, पण चालतंय की!” काकांना हे वाक्य फार लागतं. पंख्याचा दांडा वर ज्या बोल्टानं अडकतो, त्याच्या टोकाच्या भोकात एक दुपाखी पिन असते, पाय फाकवून बसवलेली. पंख्याच्या थरथरीनं नट सैल होत जातो. त्याला निसटू देत नाही ती ही पिन. साफसफाईनंतर ती टेबलावर राहिली तरी पंखा फिरतो, वारा येतो. खाली मात्र कुणीतरी झोपलेलं असतं.

काही हरवलंच तर खोलीतला दिवा बंद करायचा आणि बॅटरी जमिनीला टेकवून आडवा झोत फिरवायचा. बारीकशा स्क्रूचीसुद्धा लांब सावली पडते. काकांकडे जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. पिशवी उलटी केली की चिकटलेलं सगळं आत जमा होतं. पितळ मात्र चुंबकाला लागत नाही, ते डोळ्यांनीच शोधावं लागतं.

(दुकानाच्या दारात एक बाई. हातात कापडी पिशवी.)

मुलानं घरी मिक्सर उघडला होता. पिशवीत सगळे भाग सुटे, स्क्रू रुमालाच्या गाठीत. काका गाठ सोडून ताटात पसरतात, मोजतात.

“ताई, कार्बन दोन आहेत, स्प्रिंग एकच.”

“ओट्यावरच उघडला होता काका. फ्रीजखाली गेली असेल का?”

“बॅटरी खाली टेकवून बघा. मी तोवर बाकीचं वाट्यांत लावून ठेवतो.”

त्या जातात. काका ठिपक्याच्या वाटीपासून सुरुवात करतात. तळाचे स्क्रू, टोपणं, कार्बन, वायसर. सातातली एक वाटी ते मोकळी ठेवतात.