मदतीचा हात कुठे थांबवायचा

नमस्कार. इथे जमलेल्यांत बरेच आईवडील आहेत. काहींची मुलं अजून वॉर्डात आहेत, काहींची घरी येऊन बरेच महिने झालेत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अपघातानंतर माणसाला पुन्हा कपडे घालता यावेत, घास तोंडापर्यंत नेता यावा, सही करता यावी, यासाठी मी त्याच्याबरोबर काम करते. त्यामुळे आज शस्त्रक्रियेबद्दल मी काही बोलणार नाही. जीव वाचल्यावर जे सुरू होतं, त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे: पंचविशी-तिशीतल्या मुलाला किंवा मुलीला मदत करताना आपला हात कुठे थांबवायचा.

एक प्रसंग आम्ही रोज बघतो. डोक्याला मार लागून उजवी बाजू कमजोर झालेला तरुण पलंगाच्या कडेला बसलेला असतो. शर्ट घालायचा आहे. घालताना कमजोर हात आधी बाहीत, काढताना धडधाकट हात आधी बाहेर, एवढं त्याला शिकवलेलं असतं. डाव्या हाताने तो उजवी बाही वर ओढतो. ती कोपराशी अडकते. तो थांबतो, पुन्हा ओढतो. कपाळावर घाम येतो. शेजारी आई उभी असते. तिची नजर त्या कोपरावर खिळलेली असते आणि तिचा हात आपोआप पुढे येतो. पुढच्या दहा सेकंदांत शर्ट अंगात, बटणं लागलेली. मुलगा काहीच बोलत नाही.

त्या आईच्या मायेबद्दल मला जराही शंका नाही. ज्याचा श्वास मशीनवर चालताना बघितला, त्याला बाहीशी झगडताना बघवत नाही, हे अगदी साहजिक आहे. पण मेंदूच्या बाजूने बघा. इजा झालेल्या मेंदूत नवे मार्ग तयार होतात ते खऱ्या कामाच्या पुनःपुन्हा केलेल्या सरावाने. थेरपीचा एखादा तास कितीही चांगला झाला, तरी दिवसाचे बाकीचे तास घरच्यांच्या हाती असतात. एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की कमजोर हाताने प्रयत्न करून सतत अपयश आलं, की माणूस तो हात वापरणंच सोडून देतो. त्या हातात थोडी ताकद परत आली, तरी सवयीने तो पडूनच राहतो. यावरूनच पुढे धडधाकट हाताला मिटन, म्हणजे बोटं झाकणारा जाड हातमोजा, घालून बांधून ठेवायची आणि कमजोर हाताकडून काम करून घ्यायची उपचारपद्धत निघाली. ती सगळ्यांना लागू पडत नाही, घरच्या घरी करून बघू नका. पण हात वापरायची संधीच मिळाली नाही तर काय होतं, हे त्यातून समजून घ्या.

आम्ही पुनर्वसनात एक मोजपट्टी वापरतो, फंक्शनल इंडिपेंडन्स मेजर. खाणं, कपडे, आंघोळ, पलंगावरून खुर्चीत जाणं, बोललेलं समजणं, अशा 18 बाबी आणि प्रत्येकीला 1 ते 7 गुण. ती तुम्ही भरायची नाही, पण तिच्यामागचा विचार घरी न्यावा असा आहे. आपण सहज म्हणतो, ‘थोडी मदत लागते.’ या पट्टीवर थोडी मदत म्हणजे 75 टक्के किंवा त्याहून जास्त काम रुग्णाने स्वतः केलेलं असतं. त्याला 4 गुण. नुसतं जवळ उभं राहून लक्ष ठेवलं, ‘आता डावा हात’ एवढंच सांगितलं, तर 5. आणि 6 मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. वेळ जास्त लागला, लांब दांड्याचं साधन किंवा बटणं लावायचा आकडा लागला, पण दुसऱ्या माणसाची गरज पडली नाही, तर 6. म्हणजे अर्धा तास लावून स्वतः घातलेला शर्ट हे स्वावलंबनच आहे. तेव्हा सकाळी अर्धा तास लवकर उठणं हीसुद्धा मदत आहे, हात खिशात ठेवून केलेली. घाई असेल त्या दिवशी खुशाल घालून द्या. फक्त रोजच घाईचा दिवस होऊ देऊ नका.

आता हात कुठे काढायचा नाही, तेही सांगते, कारण ‘त्याचं त्याला करू दे’ हे ऐकून कुणी भलतीकडे धीट होऊ नये. गिळण्याचा त्रास असेल तर थेरपिस्टने ठरवून दिलेला खाण्यापिण्याचा घट्टपणा आणि बसण्याची पद्धत अजिबात बदलू नका. खाताना खोकला आला, आवाज घशात पाणी असल्यासारखा ओलसर झाला, तर लगेच थांबा. काहींच्या बाबतीत अन्न श्वासनलिकेत जातं आणि खोकलाही येत नाही, म्हणून ‘ठसका लागला नाही, म्हणजे ठीक आहे’ असं धरू नका. कमजोर बाजूच्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून कुणाला ओढून उठवू नका, तो खांदा निखळू शकतो. आणि मज्जारज्जूची इजा असेल, संवेदना नसेल, तर कूस बदलणं चुकवायचं नाही. 1944 साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी केंद्र सुरू केलं, तोवर अशा इजेनंतर बहुतेक जण बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी दगावत. गटमन यांनी दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायची शिस्त लावली. बिछान्यावरच्या तरुण सैनिकांना त्यांनी कामाला आणि खेळाला लावलं. 1948 मध्ये तिथे व्हीलचेअरवरच्या धनुर्धरांची स्पर्धा झाली आणि त्यातून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. काटेकोर शुश्रूषा आणि काम करायला लावणं, दोन्ही एकाच डॉक्टरने एकाच वॉर्डात केलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

शरीराच्या इजेपेक्षा घरात जास्त भांडणं होतात ती न दिसणाऱ्या इजेवरून. मुलगा चालतो, बोलतो, ओळखतो. पण सकाळी सांगितल्याशिवाय उठत नाही, दात घासत नाही, तासन्‌तास भिंतीकडे बघत बसतो. वडील म्हणतात, आळशी झालाय. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला, की काम सुरू करायची चालनाच बंद पडू शकते. काम येत असतं, सुरुवात होत नाही. तिथे ओरडून उपयोग होत नाही. ठरलेली वेळ, ठरलेला क्रम, भिंतीवर चिकटवलेली यादी, फोनचा गजर यांचा उपयोग होतो. लवकर थकणं, गोंगाट सहन न होणं, क्षुल्लक कारणावरून भडकणं हेही त्या इजेतूनच येतं.

फिनिअस गेजचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. 1848 मध्ये अमेरिकेत रेल्वेसाठी खडक फोडताना स्फोट झाला आणि लोखंडी गज त्याच्या गालातून शिरून डोक्यातून आरपार गेला. तेव्हा तो 25 वर्षांचा होता. तो वाचला, पण ओळखीचे लोक म्हणू लागले की हा पूर्वीचा गेज नाही. पुस्तकांत त्याची गोष्ट बहुधा इथेच संपवतात. पण तो आईवडिलांच्या घरी राहून सावरला, पुढे चिलीत जाऊन काही वर्षं घोडागाडी चालवत होता. घोड्यांची निगा, ठरलेला रस्ता, रोजचा तोच क्रम. अखेरच्या आजारपणात तो आईकडे परतला, आणि त्याच्या नंतरच्या आयुष्याबद्दल डॉक्टरांना पुष्कळशी माहिती मिळाली ती त्याच्या आईकडून. ठरावीक क्रमाच्या कामाने त्याला सावरलं असावं असं काही अभ्यासक मानतात, आणि आम्ही कामात जे बघतो त्याच्याशी ते जुळतं.

अपघाताने तुमच्या मुलाचं वय कमी केलेलं नाही. डॉक्टर तुमच्याकडे बघून विचारतात, ‘याला झोप लागते का?’ तेव्हा तुम्ही मुलाकडे बघा. त्याला शब्द सापडायला वेळ लागेल, लागू दे. खोलीत जाताना दार वाजवा, तो बिछान्यावर असला तरी. आंघोळ आणि शौचाला जमेल तितक्या लवकर मदतनीस किंवा साधन बघा, कारण तिशीतल्या माणसाला आईच्या हातून हे करून घेताना काय वाटतं, हे अनेक जण मला दार लावून सांगतात. मूत्राशयासाठी स्वतः कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालायला शिकता येत असेल, तर ते शिकणं प्राधान्याने करा. लग्न झालेलं असेल तर जोडीदाराची जागा तुम्ही घेऊ नका. पैशाचे निर्णय त्याला झेपतात की नाही हे तज्ज्ञांकडून तपासून घ्या, आणि जेवढं झेपतं तेवढं त्याच्याच हाती द्या.

शेवटी तुम्ही सगळेच विचारता तो प्रश्न. आमच्यानंतर काय? मानेपासून खाली हालचाल नसलेल्या एका तरुणीबरोबर आम्ही काम केलं. तिला बोटही हलवता येत नव्हतं. तिला आम्ही स्वतःची शुश्रूषा दुसऱ्याला सांगायला शिकवलं. नवा मदतनीस आला, की ती सांगायची: आधी ब्रेक लाव, उशी गुडघ्यांच्या मध्ये ठेव, आता माझे खांदे आणि कंबर एकदम वळव, टाचा बघ, लाल आहेत का. आणि: अचानक माझं डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम आला, तर मला आडवं करू नकोस, बसतं कर, कपडे सैल कर, कॅथेटरची नळी कुठे दुमडली आहे ते बघ, आणि थांबलं नाही तर लगेच डॉक्टरला बोलाव. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर रक्तदाब असा अचानक चढणं जिवावर बेतू शकतं, आणि त्या क्षणी आईवडील जवळ असतीलच असं नाही.

तर हे तुम्ही जवळ असतानाच सुरू करा. मुलाला किंवा मुलीला सूचना द्यायला लावा आणि तुम्ही गप्प राहून त्या पाळा. ते जमलं, की एक दिवस मदतनिसावर सोपवून घराबाहेर पडा, फोन चालू ठेवून. आणि परत आल्यावर दिवस कसा गेला, हे मदतनिसाला विचारायच्या आधी मुलाला किंवा मुलीला विचारा.