पलीकडचा हुंकार

लहानपणी आजी गोष्ट सांगायची, तेव्हा तिची एक अट असायची. हुंकार द्यायचा. आमचं ‘हं’ थांबलं की तीही थांबायची, “झोपलीस का गं?” मनाने खचलेल्यांचं फोनवर ऐकून घेणाऱ्या हेल्पलाइनवर बसायला लागल्यापासून मला ती अट रोज आठवते.

२ नोव्हेंबर १९५३ रोजी चॅड व्हारा या धर्मगुरूंनी लंडनच्या एका चर्चमधल्या फोनवर अशी सेवा सुरू केली. तीच पुढे ‘समॅरिटन्स’ ही संस्था झाली. सुरुवातीला समुपदेशन ते स्वतः करत. भेटायला येणाऱ्यांची रांग लागायची आणि बाहेर बसलेले स्वयंसेवक त्यांना चहा-कॉफी द्यायचे. व्हारा यांच्या लक्षात आलं, की कितीतरी जण या चहा देणाऱ्यांशीच बोलून मोकळे होतात आणि आत न येताच घरी जातात. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांकडेच सोपवलं. या कामाचं सगळं मर्म मला त्या चहाच्या कपात दिसतं.

मग हे काम चॅटबॉटला का देऊ नये? प्रश्न रास्त आहे. ज्याला रात्री दोन वाजता फोन लागतच नाही, त्याला हुंकाराची थोरवी काय सांगायची? शिवाय काहींना माणसापुढे बोलायची लाज वाटते. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. समोरच्याचंच वाक्य फिरवून तो प्रश्न विचारायचा, बस. तरीही त्यांच्या सेक्रेटरीने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला एलायझाशी खासगी बोलायचं होतं. ते पाहून वायझेनबॉम हादरले, आणि पुढे आयुष्यभर लोकांना सावध करत राहिले.

अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या ‘नीडा’ या संस्थेने २०२३ मध्ये आपली हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं. तिथल्या कर्मचाऱ्यांनी नुकतीच युनियन केली होती. लोकांपुढे उरला ‘टेसा’ हा चॅटबॉट. उपाशी राहून खंगलेली माणसं जिथे आधाराला यायची, तिथे टेसा वजन उतरवायचे सल्ले देऊ लागला. मेअखेरीस तो बंद करावा लागला. तो सल्ला एखाद्याच्या कामाचा असेलही, पण विचारणारं कोण आहे हे टेसाला उमगलंच नव्हतं.

एका रात्री मी फोन उचलला. पलीकडे शब्द नाही, नुसती पंख्याची घरघर, मध्येच भांडं सरकल्याचा आवाज. मी म्हटलं, “मी आहे इथे. सावकाश.” चार-पाच मिनिटं तशीच गेली. मग एका बाईंचा आवाज आला, “तुम्ही फोन ठेवला नाहीत?” त्यानंतर त्या बोलू लागल्या. यंत्रानेही फोन ठेवला नसता, पण त्याला दुसरं काही करायचंच नसतं. कुणीतरी स्वतःची झोप मोडून आपल्यासाठी बसलंय, हे त्या बाईंना कळलं होतं.

आपल्याकडे सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आधाराची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन लावला की आधी भाषा निवडायची, त्यात मराठी आहे, आणि मग समुपदेशकाशी बोलायचं. फोन योग्य माणसाकडे वळवायला, रांग कमी करायला यंत्र जरूर वापरा. पण त्या बटणापलीकडे “बोला, ऐकतेय” म्हणणारी माणसं वाढली पाहिजेत, त्यांना नीट प्रशिक्षण आणि नीट पगार मिळाला पाहिजे.

आमच्याकडे नाव द्यायचं असेल तर दाराशी वही ठेवली आहे. शनिवार रात्रीच्या ड्यूटीला अजून कुणी नाही.