आमच्या ऑफिसात कुणीच गेम खेळत नाही, म्हणे!

[कॅमेरा सुरू. टेबलावर भडंगाची पुडी, चहाचा कप.]

अकाउंट्सच्या मॅडमना मी विचारलं, "मॅडम, तुम्ही गेम खेळता का हो?"

मॅडम म्हणाल्या, "छे! मला कुठला वेळ? दोन पोरं, सासूबाई, स्वयंपाक आणि वर तुमचं हे जीएसटी."

हे बोलताना त्यांचा उजवा अंगठा मोबाईलवर फिरतच होता. मी जरा वाकून बघितलं. कँडी क्रश. लेव्हल ४,२०० च्या पुढं.

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटरनं मापं घ्यायची, संध्याकाळी घरी तासभर पीसी गेम, आणि रविवारी हे चॅनल. आजचा विषय बरेच दिवस डोक्यात होता: आपल्याबरोबर काम करणाऱ्या लोकांत गेम खेळणारे असतात तरी किती? का मी एकटाच येडा आहे?

असं वाटायचं कारण सांगतो. आमच्या ऑफिसात गेमवर कधी बोलणंच होत नाही. पावसाळ्यात विषय एकच, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं, हे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पाऊस ओसरला की उसाचा दर. मग क्रिकेट, त्यात स्मृती मानधना आपल्या सांगलीची, म्हणून जरा जास्तच. गेम? नाव नाही.

म्हणून मी दोन आठवडे गंमत केली. ऑफिस स्टाफमध्ये आम्ही १९ जण. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सरळ विचारलं, गेम खेळता का. 'हो' म्हणाले ४, त्यात मी एक. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न बदलला: "चहाला बसल्यावर मोबाईलवर काय करता?" आकडा गेला १६ वर. माणसं तीच, मोबाईल तेच. आता ही एका ऑफिसची गोष्ट आहे, जनगणना नव्हे. पण मधले ते १२ जण कुठं लपलेले, ते मला बघायचं होतं.

आपल्याकडं या गोष्टीला तीन शब्द आहेत. छंद, नाद आणि टाइमपास. छंद बायोडाटात लिहायचा: वाचन, प्रवास, संगीत. लग्नाच्या बायोडाटात तर चौथा छंद मी आजवर बघितलेला नाही. नाद आपण स्वतः सांगत नाही, तो लोक सांगतात. "त्याला कबुतरांचा नाद हाय", "त्याला शर्यतीच्या बैलांचा नाद हाय." आणि आपण जे करतो त्याला आपण म्हणायचं टाइमपास. मॅडमचा टाइमपास असतो, माझा मात्र नाद असतो.

एकदा मी खरं लिहायला गेलो होतो. २०१६ मध्ये एका कंपनीत मुलाखतीला गेलो, बायोडाटात लिहिलेलं: छंद, व्हिडिओ गेम. समोरच्या साहेबांनी त्या ओळीला लाल पेनानं गोल केला आणि विचारलं, "घरी लहान भाऊ आहे का? हे त्याचं चुकून इकडं आलंय का?" नोकरी मिळाली नाही. कारण ते नसेलही, माझी ड्रॉइंग वाचायची तयारी तेव्हा कच्चीच होती. पण घरी आल्या आल्या ती ओळ खोडली आणि 'वाचन' लिहिलं. कुणी विचारलंच तर काय वाचतो म्हणून सांगायचं, याचा अजून पत्ता नाही.

[चहाचा घोट.]

आता कुणी म्हणेल, हे सगळं जिओनं केलं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि लोक बिघडले. डेटाचं खरं आहे. पण कामाच्या जागी गेम खेळणं त्याच्या कितीतरी आधीचं.

टेट्रिस माहीत आहे ना? वरून ठोकळे पडतात, ते रचायचे. तो गेम जन्मला सरकारी नोकरीत. १९८४, मॉस्को. अलेक्सी पाजित्नोव्ह हा सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात कामाला होता. समोर मशीन एलेक्ट्रॉनिका ६०, तिला चित्र काढता येत नव्हतं, म्हणून ठोकळे त्यानं कंसांच्या चिन्हांनी दाखवले. पहिले खेळणारे कोण? त्याच्याच ऑफिसातले लोक. पुढं आयबीएम पीसीवर चालणारी आवृत्ती तयार झाली आणि फ्लॉपीवरून हातोहात मॉस्कोभर पसरली. म्हणजे जगातला सगळ्यात गाजलेला गेम हा मुळात ऑफिसातला टाइमपास.

आणि सॉलिटेअर! बँकेत, तहसीलला, जिथं जिथं पहिला कॉम्प्युटर आला, तिथं साहेबांच्या स्क्रीनवर हिरव्या पटावर पत्ते दिसायचेच. हा गेम १९९० च्या विंडोज ३.० बरोबर फुकट यायचा. तेव्हा लोकांना माऊस नवा होता. पत्ता धरायचा, ओढायचा, सोडायचा, असं करता करता हाताला वळण लागायचं. तो लिहिला वेस चेरी नावाच्या मायक्रोसॉफ्टमधल्या एका इंटर्ननं. आणि ही गोष्ट मला फार आवडते: त्यानं त्यात 'बॉस की' ठेवली होती. साहेब आले की एक बटण दाबायचं, पत्ते गायब, समोर खोटं हिशोबाचं पान. मायक्रोसॉफ्टनं ते काढायला लावलं. गेम चालेल, पण साहेबाला फसवणं चालणार नाही!

आमच्याकडं आता बॉस कीची गरज नाही. साहेब दारात दिसले की मोबाईल उपडा ठेवायचा. सगळ्या टेबलांवर एकाच वेळी उपडे मोबाईल दिसले की साहेबांनाही कळतं, पण ते बोलत नाहीत. ते स्वतः सुडोकूवाले आहेत. आणि २०२५ च्या जुलैत विधिमंडळात मंत्री मोबाईलवर पत्ते खेळताहेत म्हणून एक व्हिडिओ फिरला, मंत्रीमहोदय म्हणाले, मी पत्ते खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेलं स्किप करत होतो. खरं-खोटं काय त्यात मी पडत नाही. पण तेव्हापासून आमच्या ऑफिसात कुणीही सापडलं की एकच उत्तर: "साहेब, स्किप करत होतो!"

बरं, मुद्दा. दोन आठवडे बघून मला जे दिसलं ते असं. माणूस कुठला गेम खेळतो हे वयावर नाही, आवडीवरही फारसं नाही. ते ठरतं त्याच्या सुट्टीच्या मापावर.

मॅडमचंच घ्या. कँडी क्रशमध्ये पाच लाइफ मिळतात. हरलात की एक गेली. गेलेली लाइफ परत यायला ३० मिनिटं. म्हणजे पाचही भरायला अडीच तास. आमचा स्टाफचा चहा ११ वाजता, जेवण दीडला. चहाला मॅडम पाचही लाइफ उडवतात, फाईल उघडतात, आणि जेवणाचा डबा उघडेपर्यंत पाचच्या पाच तयार. गेम त्यांना स्वतःच उठवून कामाला लावतो. हे कुणी त्यांना शिकवलेलं नाही. शेवटी अकाउंट्सच्या मॅडम आहेत, हिशोब बरोबर बसवलाय.

स्टोअरचे काका वेगळे. स्टोअरला काम सलग नसतं. ट्रक आला की धावपळ, नाही तर शांतता. काका मोबाईलवर दहा-दहा मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव खेळतात, जगात कुठल्या तरी अनोळखी माणसाबरोबर. मी म्हणालो, "काका, म्हणजे तुम्ही पण गेमर!" काका चिडलेच. "गेम न्हवं रं ते. बुद्धिबळ हाय!"

काकांचा राग मला पटला. ही सांगली आहे. इथं नूतन बुद्धिबळ मंडळ आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्यभर इथं पोरं पटावर बसवली, स्वाती घाटे इथली, वुमन ग्रँडमास्टर झाली. इथं बुद्धिबळाला मान आहे, तो मोबाईलच्या काचेवर आला तरी कमी होत नाही. पण मग काका, काचेवरच्या घोड्याला मान आणि काचेवरच्या बंदुकीला शिव्या, हे कसं? हे मी त्यांना विचारलं नाही. मला त्यांच्याकडून मापायचे गेज घ्यायचे असतात.

आता शॉपवर चला, मशीनं चालतात तिथं. खरा मामला तिथं आहे.

ऑपरेटर लोकांची जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक. सायकल स्टँडच्या मागं कडुलिंब आहे, त्याच्या पारावर चौघांची टोळी जमते. डबा मांडीवर उघडा, भाकरीचा तुकडा एका हातात, आणि मग भाकरी झाकणावर ठेवून दोन्ही हात मोबाईलला. चौघांतला एक तर तिथं नसतोच, तो सेकंड शिफ्टचा, बुधगावातनं घरून खेळतो. गेम बीजीएमआय, म्हणजे आधीचा पबजी, बंदुकांचा. एका बेटावर १०० जण उतरतात, चार-चारच्या टोळ्या, शेवटी एक टोळी उरते. पूर्ण डाव २५-३० मिनिटांचा. सुट्टी ३० मिनिटांची. म्हणजे घास कधी गिळायचा, ते तुम्हीच ठरवा.

आणि यात थांबायचं बटण नाही. कँडी क्रश ठेवून द्या, कँडी तिथंच असते. बीजीएमआय ठेवून दिला की समोरचा तुम्हाला मारून जातो, आणि तुमच्याबरोबरचे तिघं तुम्हाला शिव्या घालतात. मी बघितलंय: एक वाजता भोंगा झाला, झोन, म्हणजे खेळायची जागा, आवळत आलेला, आणि सुपरवायझर डोक्यावर उभे. त्यातला एक मान वर न करता म्हणाला, "साहेब, शेवटचा झोन हाय. दोनच मिनिटं." सुपरवायझर म्हणाले, "मशीनवर जॉब लावायचाय तो काय झोनमध्ये लावणार का?"

त्या टोळीतला चौथा ऐकून मी चाट पडलो. आमचा नवा ट्रेनी इंजिनिअर, पुण्याहून आलेला. मशीनवर तो ऑपरेटरला प्रोग्रॅम सांगतो, हा "हो साहेब" म्हणतो. पारावर उलटं. तिथं टोळीचा म्होरक्या ऑपरेटर, पण सवय जात नाही, त्यामुळं ओरडतो कसा? "साहेब, मागं! अहो मागं या की साहेब! कव्हर घ्या! ... मेलात साहेब तुम्ही." एवढ्या अदबीनं कुणाला मेल्याची बातमी दिलेली मी आजवर ऐकली नव्हती.

या पोरांनी काय काय सोसलंय बघा. २०१८ ला पबजी मोबाईल आला, आणि २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं ११८ अ‍ॅप बंद केली त्यात गेला. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय म्हणून परत आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा स्टोअरवरून गायब, २०२३ च्या मे महिन्यात परत हजर. टोळी तीच राहिली. पोरांची लग्नं झाली, एकाचं पोरगं रांगायला लागलं, पण साडेबाराला पार सुटला नाही.

प्लेस्टेशनवाला आमच्यात एकच, एक्सपोर्टचे साहेब. २ फेब्रुवारी २०२१ ला पीएस५ भारतात आला तेव्हा ४९,९९० रुपये. ऑपरेटरचे दोन-तीन पगार. त्यावर जास्त काय बोलायचं.

म्हणजे ते १२ जण कुठं लपलेले, तर तिथं. ज्याचा गेम थांबवता येतो, तो म्हणतो मी खेळत नाही. ज्याचा थांबवता येत नाही, त्याला सगळे म्हणतात हा खेळतो. मॅडम दिवसाचा तासभर खेळतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही, कारण तो तास पाच-पाच मिनिटांत विरघळलेला असतो. पारावरच्या पोरांचा अर्धा तास सलग असतो, म्हणून तो डोळ्यावर येतो.

एक गोष्ट मात्र मी या हिशोबात धरलेली नाही. पैशाची रमी. आमच्याकडच्या एका मुलानं लागोपाठ दोन महिने पगारावर ॲडव्हान्स उचलला. कारण सांगितलं, बहिणीचं लग्न. त्या बहिणीचं लग्न आदल्याच वर्षी झालेलं, आम्ही सगळे जेवून आलेलो. तेव्हा कळलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा केला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली. ई-स्पोर्ट्स आणि साधे गेम त्यातून बाहेर ठेवले. कायद्यानं दोन्ही वेगळे केले, पण आमच्या घरी अजून एकच आहेत. मी पीसी लावला की आई बाहेरून विचारते, "पैशाचा न्हाई ना रे?" न्हाई आई. ट्रक चालवतोय. गेममध्ये, रिकामा ट्रक, युरोपातून. त्यावर तिचं म्हणणं असतं, ट्रकच चालवायचा तर मार्केट यार्डात हळदीच्या गाड्या भरपूर आहेत.

तर मंडळी, तुमच्या ऑफिसात कुणी खेळतं का हे बघायचं असेल, तर 'गेम' हा शब्दच काढू नका. चहाच्या वेळेला नुसते अंगठे बघा.

[मोबाईल वाजतो. उचलून बघतो, मग स्क्रीन कॅमेऱ्याकडं धरतो.]

रात्रीचे पावणेअकरा. कँडी क्रशची नोटिफिकेशन. मॅडमची आहे. 'लाइफ पाठवा.'

हो, मी पण घातलाय तो गेम. त्या दोन आठवड्यांत. माहितीसाठी म्हणून.

लेव्हल १८६.

थांबा, पाठवतो.