विहिरीतली हाक

श्रोतेहो, नमस्कार.

यावल तालुक्यातल्या आमच्या मळ्यात एक जुनी विहीर आहे. लहानपणी कठड्यावर पालथं पडून आम्ही पोरं तिच्यात हाका मारायचो. पोळ्याच्या सुमारास पाणी वर असायचं, तेव्हा हाक तोंडावर आपटल्यासारखी परत यायची. वैशाखात तीच हाक जरा रेंगाळून, घुमून यायची. आमचे आजोबा दोर सोडण्याआधी नुसत्या आवाजावरून सांगायचे, पाणी किती खाली गेलंय ते.

आज ज्या उपग्रहाविषयी बोलायचं आहे, तोही अशीच हाक मारतो. त्याचं नाव निसार. अमेरिकेची नासा आणि आपली इस्रो यांनी मिळून तो केला. करार झाला २०१४ मध्ये, आणि ३० जुलै २०२५ च्या संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही रॉकेटनं त्याला वर नेलं. सुमारे ७४७ किलोमीटर उंचीवरून तो जमिनीकडे रडारच्या लहरी सोडतो आणि परत आलेला पडसाद ऐकतो. हाक खाली जाऊन परत यायला सेकंदाचा जेमतेम दोनशेवा भाग लागतो.

त्याच्यावर दोन रडार आहेत. एक नासाचं, त्याची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांब. दुसरं अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात तयार झालेलं, आखूड लहरीचं. आखूड लहर पिकाच्या वरच्या भागात अडते. लांब लहर पानांतून आत शिरते, खोडापर्यंत, मातीपर्यंत पोचते. माती ओली असेल तर पडसाद जोरात येतो, कोरडी असेल तर क्षीण येतो.

हाक सोडणारी आणि पडसाद झेलणारी या उपग्रहाची जाळी मला सगळ्यात जास्त आवडते. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारेची, १२ मीटर रुंद, आणि सांगाड्यासकट वजन अवघं ६४ किलोच्या आसपास. म्हणजे एका माणसाएवढं! रॉकेटमध्ये ती मिटलेल्या छत्रीसारखी बसवली होती. उड्डाणाआधी ऊन लागून ती जास्त तापेल अशी शंका आली, म्हणून बंगळुरूहून तिला परत कॅलिफोर्नियाला नेलं, खास लेप दिला आणि पुन्हा आणलं. वर गेल्यावर आधी तिला धरणारा ९ मीटरचा हात सांध्यासांध्यानं उलगडला, आणि १५ ऑगस्टला, आपल्याकडे झेंडावंदन झालं त्याच दिवशी, ती उघडली. एवढ्या वर्षांचं काम, आणि उघडताना कुठे अडकली असती तर हात लावायला वर कुणी नव्हतं. त्या माणसांनी ती वेळ कशी काढली असेल, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

उपग्रह धावता धावता एकाच जागेला अनेकदा हाक मारतो आणि ते सगळे पडसाद गणितानं एकत्र जुळवले जातात. असं केलं नसतं, तर एवढं बारीक चित्र मिळवायला १९ किलोमीटर रुंदीची जाळी लागली असती. जळगावहून निघून नशिराबाद ओलांडून भुसावळच्या दिशेनं बरंच पुढे जावं, एवढी.

आमच्या शेजारच्या काकांना हे सांगत होतो, तर त्यांनी विचारलं, "भो, आभाळ भरलं असलं तं त्याले आपली केळी कशी दिसीन?" प्रश्न नेमका होता. कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगाखालचं दिसत नाही, आणि आपली पिकं उभी असतात ती नेमकी ढगांच्या महिन्यांत. रडारची लहर ढगातून जाते, अंधारातही जाते.

रावेर-यावलकडे वादळ झाल्यावर केळीचा बाग कसा दिसतो, हे पाहिलेल्याला विसरता येत नाही. घडासकट खांब आडवे, पानं चिखलात. मग पंचनाम्याची वाट बघायची. उभ्या बागेचा पडसाद वेगळा आणि आडव्या बागेचा वेगळा. निसार बहुतेक सगळी जमीन दर १२ दिवसांत दोनदा बघतो. वादळाच्या दुसऱ्या दिवशी तो नेमका डोक्यावर असेलच असं नाही, आणि तलाठ्याचं काम तो करणार नाही. पण बाग आधी उभा होता आणि नंतर नव्हता, याची तारीखवार नोंद राहील. ज्याच्याकडे फोटोही नसतो, अशा माणसासाठी ही नोंद मोलाची आहे असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट जमिनीखालच्या पाण्याची. एकाच जागेचे दोन वेळचे पडसाद शेजारी ठेवले, तर जमीन एखादा सेंटिमीटर जरी खचली तरी कळतं. जिथे पाण्याचा फार उपसा होतो, तिथे जगात बऱ्याच ठिकाणी जमीन बसलेली आढळली आहे. तापीच्या गाळाचा आपला पट्टा, सातपुड्याच्या पायथ्याची केळीची गावं, तिथे बोअर किती खोल गेले ते तुम्ही जाणताच. तिथली जमीन बसते आहे का, हे आता मोजता येईल. ही माहिती सगळ्यांना फुकट मिळणार आहे. आपल्या कॉलेजांतल्या, कृषी विद्यालयांतल्या पोरांनी ती उघडून बघावी. पुण्या-मुंबईचं कुणी येऊन आपल्या तापीकाठचं मोजेल, याची वाट कशाला बघायची?

परवा मी त्या जुन्या विहिरीत वाकून हाक मारली. पडसाद आला, पण कोरड्या दगडाचा. काका मागे उभे होते. निसार कधी जातो म्हणाले. मी सांगितलं, ज्या दिवशी आपल्यावरून जातो, त्या दिवशी सकाळी किंवा संध्याकाळी, सहाच्या सुमाराला. त्यांचा तो मोटर बघायला मळ्यात जायचा वेळ. हल्ली ते जाता जाता एकदा वर बघतात.